आमची वाटचाल : मोरी या कुत्रीपासून सुरू झालेलं दुकान

२०१३ च्या डिसेंबरमध्ये आमचे हे कोल्हापूरला बोटीच्या इंजिनाचं सामान आणायला गेले आणि येताना टेम्पोत सामानासोबत एक खोकं, त्यात दोन महिन्यांचं काळंभोर लॅब्राडॉरचं पिल्लू. आमच्या घरात कुत्रे कायमच होते, पण गावठी, आपणहून आलेले आणि पडवीत राहून गेलेले. पैसे देऊन आणलेलं हे पहिलंच, त्यामुळे सासूबाई दोन दिवस कोणाशी नीट बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच पेजेत थोडं दूध घालून तिच्यापुढे ठेवलं. मुलीने नाव ठेवलं मोरी, कारण अंग तसंच तुळतुळीत आणि खाडीत सोडली की मोरी माशासारखी, म्हणजे छोट्या शार्कसारखी, सरळ पाणी कापत जायची.

आठ-नऊ महिन्यांची झाल्यावर आम्ही तिला मालवणच्या किनाऱ्यावर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तिथे, घेऊन गेलो. दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत होती, मोरी गेली आणि दोराचं सुटं टोक तोंडात धरून पाय रेतीत रुतवून मागे मागे ओढायला लागली. कोणी शिकवलं नव्हतं. रापणीतली माणसं एवढी खूश झाली की तिला रोज आणा म्हणाली, वाट्यातला एक बांगडा तिचा ठरला. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की लॅब्राडॉर नाव असलं तरी ही जात मूळची कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरची, तिथले मच्छीमार हिच्या पूर्वजांना होडीत घेऊन जायचे, जाळ्याचे दोर ओढायला आणि गळातून सुटलेला मासा पकडून आणायला. म्हणून बोटांच्या मध्ये पडदा, पाणी न धरणारे दाट केस आणि वल्ह्यासारखी जाड शेपूट. पुढे इंग्लंडच्या शिकारी लोकांनी तिला सुधारून घेतली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने जात म्हणून मान्यता दिली. पण मला त्या दिवशी किनाऱ्यावर जे दिसलं ते यातलं काहीच माहीत नसताना दिसलं, की या कुत्रीला तिचं काम मिळालंय आणि ती आनंदात आहे. आमचा सगळा धंदा खरं तर त्या दोराच्या टोकाला बांधलेला आहे असं मला वाटतं.

कारण लगेच लोक विचारायला लागले. "वैनी, हिका खयसून हाडलात? आमकाय एक होया." २०१४ मध्ये आम्ही पडवीची एक बाजू बंद करून घेतली, खाद्याची चार पोती, पट्टे, साखळ्या, शांपू असं ठेवलं आणि कोल्हापूर-बेळगावहून पिल्लं मागवून द्यायला सुरुवात केली. एका पिल्लामागे हजार-दीड हजार सुटायचे. पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात जास्त मागणी पॉमेरियनला, म्हणजे लोक ज्याला पॉमेरियन म्हणतात त्याला, कारण आपल्याकडचे ते बहुतेक सगळे इंडियन स्पिट्झ असतात, खरा पॉमेरियन त्याच्याहून खूपच लहान, दोन-तीन किलोचा. पण स्पिट्झबद्दल मी चांगलंच बोलेन, आपल्या हवेत बऱ्यापैकी टिकलेला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चिकटून राहणारा आणि गेटवर पान हललं तरी सांगणारा कुत्रा आहे तो. एकटी राहणारी आजी आणि स्पिट्झ ही जोडी मी कितीतरी घरांत बघितली, आणि मुंबईतली मुलं फोनवर आधी कुत्र्याचा आवाज ऐकून मग आईला विचारतात कशी आहेस, असं एका आजींनीच मला सांगितलं.

२०१७ चा मे महिना मला लिहायला जड जातो पण लिहिते. किनाऱ्यावर हॉटेल असलेल्या एका गिऱ्हाइकाला हस्की पाहिजे होता, निळ्या डोळ्यांचा, पर्यटक फोटो काढतील म्हणून. एसीची खोली आहे म्हणाला. मी आणून दिला. दहा महिन्यांचा देखणा कुत्रा, सगळ्यांशी खेळणारा. आठवड्याभरात एका दुपारी लाईट गेली, खोली बंद, माणसं कामात. आम्हाला फोन आला तेव्हा तो आडवा पडून नुसता धापा टाकत होता, डॉक्टरांनी ताप बघितला तर १०८ च्या वर, कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२ च्या आसपास असतो. ओले टॉवेल, पंखा, सलाईन सगळं केलं, रात्री आठला गेला. माझ्या मांडीवर डोकं होतं.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते मी आजपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, फक्त पंजाच्या गादीला थोडासा, बाकी सगळी गरमी तो जीभ बाहेर काढून धापा टाकून घालवतो, म्हणजे तोंडातलं-घशातलं पाणी सुकलं पाहिजे तर अंग थंड होणार. आणि आपल्याकडे मे महिन्यात ओला टॉवेल रात्रभर दोरीवर ओलाच राहतो, तर कुत्र्याचं काय सुकणार? थर्मामीटरवर ३४ दिसतं म्हणून लोक फसतात. हस्की सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावर गाडी ओढायला तयार केलेला, त्याला अंगावर दोन थर केस. तो कुत्रा वाईट नाही, खूप गोड आहे, पण त्याचं घर इथे नाही, आणि हे मला विकण्याआधी कळायला पाहिजे होतं. पैसे सगळे परत केले. त्या दिवसापासून हस्की, सेंट बर्नार्ड, असलं काही आम्ही आणत नाही, कितीही पैसे देऊदे.

मग मी आणि ह्यांनी बसून एक वही केली. कुत्रा मागायला जो येईल त्याच्या घरी आधी आम्ही जायचं, घरात माणसं किती, दुपारी कोण असतं, विहीर उघडी आहे का, गडगा म्हणजे दगडी कुंपण किती उंच, रात्री कुत्रा कुठे झोपणार, वरच्या पाड्यावर बिबट्या येतो का. लोकांना पहिल्यांदा हे आवडलं नाही. एकाने तोंडावर विचारलं, "वैनी, तुमी कुत्रो दिवक इलात की आमची परीक्षा घेवक?" त्या वर्षी धंदा निम्म्यावर आला, खाद्याच्या विक्रीवर कसेबसे तगलो. त्याच वर्षी डॉग ब्रीडिंगचे २०१७ चे नियम आले, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, तर आम्ही ते पहिल्या दिवसापासून पाळलं, कारण आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू पुढे चावरं आणि भित्रं होतं हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं.

वहीमुळे एक झालं, कुठला कुत्रा कुठे बसतो ते आम्हाला कळायला लागलं. डॅशहुंड बघा, लोक त्याला बुटका, लांबुळका म्हणून कौतुकाने घेतात, पण तो जर्मनीत बिळात शिरून बॅजर नावाचं जनावर बाहेर काढायला तयार केलेला, नावाचा अर्थच बॅजर-कुत्रा. त्यामुळे आपल्या परसात तो घुशीच्या मागे लागतो आणि एवढ्याशा जिवाला कशाची म्हणून भीती नाही. माझा सगळ्यात आवडता छोटा कुत्रा हाच. फक्त दोन काळज्या, एक त्याची पाठ, सोफ्यावरून उड्या मारू दिल्या की मणक्यांमधली गादी सरकते आणि मागचे पाय जातात, आणि दुसरी आपल्याकडची खास, फुरसं. जांभ्याच्या गडग्यात तोंड घालायची त्याची सवय आणि तिथेच फुरसं बसलेलं. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या डॅशहुंडला नाकावर चावलं होतं, नशीब त्यांनी घरगुती उपाय न करता अर्ध्या तासात डॉक्टर गाठले, अँटिव्हेनम मिळालं, वाचला. महिन्यानंतर दुकानात आला तर पुन्हा शेल्फच्या खाली नाक.

जर्मन शेफर्ड मूळ मेंढ्या राखणारा, १८९९ मध्ये फॉन स्टेफानिट्झ नावाच्या जर्मन घोडदळातल्या माणसाने ही जात बांधायला घेतली, आणि त्याला डोक्याला काम नसेल तर तो घर खातो, चपला, दरवाजे, सगळं. रिटायर्ड फौजी काकांकडे मी डोळे झाकून देते, दिवसभर दुकानात असणाऱ्याला देत नाही. पग प्रेमळ, पण चपट्या नाकामुळे त्याला श्वासच पुरत नाही, धापा टाकून अंग थंड करायची ती वाटच अरुंद, म्हणून मी सरळ नको म्हणते. शिह त्झू, ल्हासा, कॉकर यांचे केस आणि कान आपल्या पावसात सांभाळणं म्हणजे रोजचं काम, जुलैत आमच्या ग्रूमिंगचा निम्मा वेळ कान, बोटांच्या बेचक्या आणि गोचीड यातच जातो. ज्याची रोज अर्धा तास बसायची तयारी आहे त्याने जरूर घ्यावा.

बीगलबद्दल मात्र थोडं जास्त सांगते. लॉकडाऊनमध्ये मुंबईतून गावी आलेल्या एका कुटुंबाने घेतलेली, परत जाताना सोसायटीत ओरडते म्हणून आमच्याकडे ठेवून गेले ते कायमचंच. बीगल कळपाने पळून ससा हुंगायला तयार केलेली जात, एकटं राहणं तिच्या रक्तातच नाही, एकटी पडली की हंबरडा फोडणार. पण दहा कुत्र्यांमध्ये सोडा, सगळ्यांशी जमवून घेते. आज आमच्या बोर्डिंगमध्ये, म्हणजे लोक थोडे दिवस कुत्रे ठेवून जातात तिथे, नवीन आलेलं घाबरलेलं कुत्रं आधी तिच्याजवळ ठेवतो, ती जाऊन कान चाटते, तासाभरात ते जेवतं. पगार द्यायला हवा तिला इतकं काम करते.

बोर्डिंग आम्ही २०१९ ला सुरू केलं, मुद्रा लोन काढून मागच्या बाजूला जांभ्याच्या आठ खोल्या, वर कौलं, कारण पत्रा तापतो. चतुर्थीला चाकरमानी गाडीत कुत्रा घेऊन येतात आणि घरात तीस माणसं, ढोलकी, झांजा, फटाके, कुत्रा बिचारा पलंगाखालून निघत नाही, मग आमच्याकडे. तौक्ते वादळाच्या वेळी, १६ मे २०२१, आमच्याकडे नऊ कुत्रे होते, त्यातल्या पाच जणांची घरची माणसं कोविड सेंटरला. सकाळपासून वारा, दुपारी शेजारचा माड कौलांवर आला, दोन खोल्या गेल्या. आम्ही सगळे कुत्रे माजघरात घेतले. एवढा मोठा शेफर्ड न्हाणीघरात जाऊन थरथरत बसला, आणि मोरी, तेव्हा सात वर्षांची, एकेकाला हुंगून त्या शेफर्डच्या न्हाणीघराच्या दाराशी जाऊन पडली, तशीच रात्रभर. पुढे नऊ दिवस लाईट नव्हती. सासूबाईंनी चुलीवर नऊ कुत्र्यांचा भात शिजवला, ज्या बाई सात वर्षांपूर्वी दोन दिवस अबोला धरून होत्या त्यांनी. एका कुत्र्याचे मालक परत आले नाहीत, तो त्यांच्या बहिणीकडे गेला, अजून नखं कापायला येतो.

देवगड बाजूचे बागायतदार हल्ली खूप विचारतात, हापूसच्या बागेत माकडं-वानर नुकसान करतात म्हणून. बरेच जण कारवान मागतात, मुधोळ हाउंड म्हणतात तोच. अभिमान वाटावा अशी आपली जात, २००५ मध्ये पोस्टाने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, भाकरीवर राहतो, आखूड केस, आजार कमी. पण तो नजरेने शिकार धरून उघड्या माळावर पळणारा, आपल्याकडे एका गडग्यावरून उडी मारली की दुसऱ्याच्या बागेत, तिथून हायवेला. आणि बांधून ठेवला तर आतून मरतो. मी बागेसाठी गावठीच सांगते, दोन, जोडीने, नसबंदी आणि लसी करून, रेबीज तर आहेच पण आपल्याकडे पावसात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, लस चुकवायचीच नाही, उंदीर आणि भाताच्या खाचरातलं पाणी दोन्ही असतं. लोकांना वाटतं गावठी म्हणजे फुकटचा, पण या हवेत हजारो वर्षं ज्याला निसर्गानेच निवडलाय त्याच्याइतका शहाणा सोबती दुसरा नाही, माणसाचा चेहरा वाचतो, अन्न संपलं तर मागत बसत नाही, आणि आपल्या माणसासाठी सापाच्या आडवा उभा राहतो हे मी स्वतःच्या अंगणात बघितलंय. २०२२ पासून आम्ही पिल्लं विकणं पूर्ण बंद केलं. जातिवंत हवा असेल तर आईबाप दाखवणाऱ्या चांगल्या घराशी गाठ घालून देतो, गावठी हवा तर आमच्याकडची यादी आहे, आणि आमचं पोट आता बोर्डिंग, ग्रूमिंग आणि खाद्यावर चालतं, गावातल्या दोन मुली कामाला आहेत.

मोरी गेल्या वर्षी जानेवारीत गेली, अकरा वर्षांची होऊन. शेवटची दोन वर्षं वजन वाढलं होतं, लॅब्राडॉरमध्ये साधारण चारातल्या एकात पोट भरल्याचं कळवणारा जीनच अर्धवट असतो, ती त्यातलीच असावी, बांगडा बंद करायला लागला होता आणि ते तिला आणि मला दोघींनाही कठीण गेलं. रापणीतली माणसं आली होती, त्यांनी जुन्या दोराचा हातभर तुकडा आणून दिला. तो बोर्डिंगच्या दारात टांगलाय, पिल्लं ओढतात.

आत्ता पावसाच्या आधी पडलेल्या दोन खोल्यांच्या जागी चार बांधायच्यात, चिरे येऊन पडलेत. रविवारी देवगडला एका बागेत जायचंय, त्यांना दोन गावठी हवेत. फोनवर सगळं विचारून झालंय, एकच राहिलंय, रात्री कुत्रे बागेत बांधणार की पडवीत घेणार, वर कातळावर बिबट्याचे पाय दिसलेत म्हणे. ते मी तिथे गेल्यावर, पडवी डोळ्यांनी बघून ठरवणार.