हुंडी फुटू न देता

तीन आठवड्यांपूर्वी, मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत, मी शेजारच्या आजोबांना गांजाच्या चार रोपांच्या कुंड्या बदलायला मदत केली. वाचून दचकू नका. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे कायदेशीर आहे. आमच्या ऑन्टारिओत एका घराला चार झाडं लावता येतात, घरात माणसं कितीही असोत. शेजारच्या क्वेबेकमध्ये मात्र एकही नाही. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे, तेव्हा तिकडे कुणी हा प्रयोग करू नये. मलाही त्या झाडांशी काही घेणंदेणं नव्हतं. मला आजोबांच्या हातातलं कसब शिकायचं होतं, माझ्या कढीपत्त्यासाठी.

पहिला कढीपत्ता मी गमावला होता. एवढंसं रोप, आणि वाढायला भरपूर जागा मिळावी म्हणून थेट बादलीएवढ्या कुंडीत लावलं. हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळली. उपटून बघितलं तर मुळं काळी, लिबलिबीत, कुबट वासाची. फार वाईट वाटलं होतं.

आजोबांनी कारण सांगितलं. लहान रोपाची मुळं मधल्या मूठभर मातीतलंच पाणी पितात. बाकीची माती ओलीच राहते, तिच्यात हवा उरत नाही आणि मुळं गुदमरतात. आपले शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ना, मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं, तोच इथे येत नाही. म्हणून आजोबा टप्प्याटप्प्याने जातात: एप्रिलमध्ये घरातच कागदी पेल्यात बी, मग लिटरभराची कुंडी, आणि थंडीची भीती सरली की अंगणात वीस लिटरची कापडी पिशवी. प्लास्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला लागलं की गोल गोल फिरत राहतं. कापडाशी पोचलं की त्याला कोरडी हवा लागते, टोक तिथेच थांबतं आणि मागून बारीक मुळ्या फुटतात. मला ही गोष्ट फार आवडली.

कुंडी कधी बदलायची? सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत संपायला लागलं आणि खालच्या भोकांतून मुळं डोकावली की. आजोबा तर कुंडी नुसती उचलून वजनावरून सांगतात. फुलं धरायच्या आत हे व्हायला हवं, कारण नंतर मुळं दुखावली तर झाडाला सावरायला वेळ मिळत नाही.

आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं. आजोबांचे गुडघे दुखतात, म्हणून हात माझे आणि सूचना त्यांच्या. डावा तळवा मातीवर, खोड दोन बोटांच्या मधे, कुंडी उलटी केली आणि बुडावर दोन थापा दिल्या. हुंडी, म्हणजे मुळांनी धरून ठेवलेला मातीचा गोळा, अख्खी हातात आली. वरून नुसती काळी माती, आणि कडेने पांढऱ्याशुभ्र मुळ्या, शेवया पसरल्यासारख्या. ओल्या मातीचा गोड वास आला. आजोबा म्हणाले, ‘‘रंग बघ. पांढरा म्हणजे ती खुशीत आहे.’’ मग पिशवीत तयार ठेवलेल्या खड्ड्यात हुंडी अलगद बसवली, कडेने माती भरली, पण दाबून ठोकली नाही. पाणी दिलं आणि दोन दिवस सावलीत. खत लगेच नाही.

त्याच संध्याकाळी माझा दुसरा कढीपत्ता काढला. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत मुळांनी तळाशी चुंबळ केली होती. ती बोटांनी हलकेच सैल केली आणि २० सेंटिमीटरच्या कुंडीत लावला, त्याहून मोठ्या नाही. मातीत पर्लाइट, म्हणजे हलके पांढरे खडे, मिसळलं, निचऱ्यासाठी.

तीन दिवस पानं मलूल होती आणि मी दर दोन तासांनी खिडकीशी जात होते. दहाव्या दिवशी शेंड्याला पोपटी फुटवा दिसला. आज तो बोटभर झालाय. फोडणीसाठी अजून एकही पान तोडलेलं नाही. चार फुटवे आल्याशिवाय हात लावायचा नाही, असं आजोबांनी कुंपणापलीकडून दोनदा बजावलंय.