मानत नाही, तरी पालखीत चालतो

आषाढी झाली की तीन-साडेतीन आठवड्यांनी गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परत येते. जाताना ती अकोला, पातूर, रिसोड करत मराठवाड्यात उतरते आणि येताना जालना, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, जानेफळ असं आमच्या बाजूनं येते, शेवटचा मुक्काम खामगाव. जवळपास दोन महिन्यांपासून चालणारे वारकरी पांढऱ्या कपड्यात, दोन रांगांत, खांद्यावर पताका, त्यांची शिस्त बघत राहावी अशी असते. आम्ही बाकीचे फक्त शेवटच्या दिवशी घुसतो, खामगाव ते शेगाव, 16-17 किलोमीटर. पण हे शेवटच्या दिवशी घुसणारेच लाखावर असतात, बुलढाणा अकोल्याची सगळी खेडी त्या दिवशी रस्त्यावर असतात, गाड्यांची वाहतूक दुसरीकडून वळवतात. पंढरपूरच्या माणसाला ही वारी म्हणजे काय लेकाची वारी वाटेल, पण आमच्याकडे सगळे वारीच म्हणतात तर मी पण म्हणतो.

आता मुद्दा असा की मी देव मानत नाही. लपवत पण नाही, घरी सगळ्यांना माहिती आहे, आणि तरी दरवर्षी जातो. त्यामुळे दोन्हीकडचे लोक मला पकडतात.

पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, काय झालं रे असं? म्हणजे लोकांना वाटतं काहीतरी घडलं असेल, कुणी गेलं असेल, नवस फेल झाला असेल, त्याशिवाय माणूस देव कसा काय सोडतो. खरं सांगतो, काहीच घडलं नाही. आमचं गाव लोणारपासून जवळ. लहानपणी आबाजी सांगायचे की लवणासुर नावाचा राक्षस होता, विष्णूनं त्याला मारलं आणि तो जिथं होता तिथं हे सरोवर झालं, गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहेच पुराव्याला. आणि शाळेत सरांनी सांगितलं की उल्का पडली, बेसॉल्टच्या खडकात जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. मला दोन्ही गोष्टी आवडायच्या आणि दोन्ही बराच काळ डोक्यात सोबत राहिल्या, भांडल्या नाहीत कधी. मग 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, आठवत असेल. कोरोनाचे दिवस, सगळे घरात, आणि गावच्या ग्रुपवर धडाधड मेसेज, की देव कोपला, कुणी म्हणे चमत्कार. मी फोटो बघत बसलो आणि मला कळलं की मी फक्त वाट बघतोय, कुणीतरी पाणी तपासेल आणि कारण सांगेल याची. पुढं सांगितलंच, पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे बारीक जीव असतात त्यांचा तो रंग. पण मला ते सांगायच्या आधीच कळून चुकलं होतं, की जिथं आधी थोडी भीती यायची, थोडा हात जोडला जायचा, तिथं काहीच हललं नाही. कधी गेला विश्वास ते माहिती नाही, गेलेला आहे एवढं त्या दिवशी दिसलं.

जो गेला नाही तो जिव्हाळा. हे मला वाटलंच नव्हतं. मला वाटायचं दोन्ही सोबत जातात.

महाराजांबद्दल तर फारच. विचार करा, 23 फेब्रुवारी 1878 ला शेगावात एक माणूस दिसतो, कुठला, कुणाचा, कुणाला माहिती नाही, आणि करतोय काय तर देविदास पातूरकरांच्या घराबाहेर फेकलेल्या उष्ट्या पत्रावळीतली भाताची शितं वेचून खातोय. आमच्या देवाची सुरुवातच अशी आहे. ना कमळ, ना शंख-चक्र, खरकटं. बाकी पोथीतले चमत्कार मी केव्हाच बाजूला ठेवले, कोरड्या विहिरीला पाणी लागलं वगैरे, पण तो उकिरड्याजवळ बसलेला माणूस काही बाजूला ठेवता येत नाही. प्रकटदिनाला आमच्या घरी आजही पिठलं-भाकरी, अंबाडीची भाजी, हिरवी मिरची आणि कांदा असाच नैवेद्य असतो आणि ते ताट फोटोसमोर ठेवताना मी मुद्दाम भाकरीचा मऊ भाग त्यांच्या बाजूला करतो, आई करायची तसा. कुणीच खाणार नाहीये हे माहिती असून. बायको हसते.

असो, वारीचं सांगतो. यावेळी मावशी सोबत होती. तिचं सासर तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूरच्या अंगाला, तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, 1594 पासूनची परंपरा सांगतात. मावशीनं आयुष्यभर त्या पालखीला वाटे लावलं पण स्वतः कधी गेली नाही, घरात म्हशी, मग सासू, मग नातवंडं. आता म्हणे माझ्यानं पंढरपूर होत नाही, तुझ्या शेगावले तरी ने.

पहाटे निघालो तेव्हा झिमझिम सुरू होती. खामगावच्या चांदीच्या दुकानांची लाईन अजून बंद, रस्त्यावर रांगोळ्या काढलेल्या आणि पावसानं त्यातला रंग डांबरावर पसरलेला, टाळांचा आवाज पुढून येतोय आणि मागून कुणीतरी मोबाईलच्या स्पीकरवर वेगळंच भजन लावलेलं. निम्मे लोक अनवाणी. मी बूट घातले होते, मावशीनं बघितलं, बोलली काही नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली,

"बापू, तू देव नाही म्हंतं ना?"

"हाव."

"मंग पाय दुखले तं कोनाले सांगशीन?"

"तुले सांगतो ना मावशी."

"मी काय कराव? माहेच दुखून रायले."

मग जरा वेळानं तिनंच विषय काढला. "देव नाही तं नाही बापा. पण जावई तं हाये ना थो आपला? रुक्मिनी आपल्या इकळची. जावई घरी आला का कोनी इचारते का, तू खरा हाये का खोटा म्हनून? पयले पानी देतेत, मंग च्या."

मी म्हटलं अगं जावई विठोबा, आपण चाललो महाराजांकडे. तर म्हणे महाराजांनी बापुना काळेला विठ्ठल होऊन दर्शन दिलं, पोथीत आहे, मले नोको शिकवू. विषय संपला. मी विदर्भातल्या विचारवंतांची भाषणं ऐकलेली आहेत, इतकं पक्कं कुणी बोललेलं आठवत नाही.

रस्त्यानं खायला इतकं की पोट कमी पडावं. चहा, साबुदाणा खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, एका ठिकाणी गरम शिरा. कुणी कॉलेजची पोरं म्हाताऱ्यांचे पाय चोळून देत होती, माणूस बघत नव्हती, पाय पुढे आला की चोळायची. आणि त्याच रस्त्याच्या दोन्ही कडेला द्रोण, पाण्याचे पाऊच आणि अर्धी टाकलेली खिचडी, चिखलात तुडवलेली. याचा मला खरंच राग येतो. शितं वेचून खाणाऱ्याच्या नावानं एवढं अन्न तुडवायचं. खराटा घेऊन गावोगाव फिरणारे गाडगेबाबा आमच्या विदर्भातल्याच अमरावती जिल्ह्यातले, त्यांनी हे बघितलं असतं तर अन्नदान करणाऱ्याच्याच हातात खराटा दिला असता. काही पोरं पोतं घेऊन उचलत होती म्हणा, पण किती उचलणार.

मला सगळ्यात जास्त कशाची आठवण येते सांगू का, मागण्याची नाही. भांडण्याची. 2017 ला बोंडअळीनं कापूस गेला तेव्हा बाबा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून महाराजांना जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. काऊन रे, तुले दिसत नाही का, एवढ्या फवारण्या केल्या, पोरीचं लगन काढलं, असं बरंच. जनाबाई विठोबाला विठ्या म्हणून शिव्या घालायची, तेव्हा ही पद्धत जुनीच आहे. अर्धा तास बोलले, मग घरी येऊन जेवले आणि झोपले. 2023 ला माझं सोयाबीन पिवळं पडलं, येलो मोझॅक, आणि मी त्याच धुऱ्यावर उभा, आणि मला बोलायला कुणी नाही. विम्याच्या हेल्पलाईनला फोन लावला तर तिकडून बाई सांगते आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्या बाईला काय शिवी देणार, ती रेकॉर्ड केलेली. बाबांना पण कुणी उत्तर दिलं नव्हतं, पण त्यांना झोप लागली होती.

तर हे सगळं ऐकून भाविक मित्र म्हणतात, बघ, आत श्रद्धा आहेच, तुलाच कळत नाही. आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीतला (अंनिस) मित्र म्हणतो संस्कार आहेत, हळूहळू जातील. दोघंही छान माणसं, आणि दोघांनाही मी त्यांच्या पार्टीत हवा आहे. मी परत येणार नाहीये, त्या बाजूला मला आता काही खरं दिसत नाही. आणि हा जिव्हाळा म्हणजे उरलीसुरली श्रद्धा पण नाही, कारण त्यात भीती नाही, अपेक्षा नाही, पास कर, पाऊस पाड, काहीच नाही. खरं म्हणजे मानायचो तेव्हापेक्षा आता जास्तच माया वाटते, तेव्हा आमचा व्यवहार होता.

कळस दिसला तसा रस्त्यावर एकदम आवाज वाढला, गण गण गणात बोते, आणि मी पण म्हणत होतो, मोठ्यानं. त्याचा अर्थ काय कुणी विचारू नका, मजा येते. शेगावात सेवाधारी नेहमीसारखे हात जोडून, माऊली पुढं चला, माऊली इकडून. दर्शनाची रांग इतकी की मी मावशीला म्हटलं कळसाला हात जोडून निघू. ती माझ्याकडे बघायलाच तयार नाही. लागलो रांगेत. समाधीसमोर दोन सेकंद मिळतात, तेवढ्यात मी नेहमी एकच करतो, नीट बघून घेतो. मावशीचे ओठ मात्र हलत होते, बाहेर आल्यावर विचारलं काय मागितलं, तर म्हणे तुहं सोयाबीन.

महाप्रसादाला बसलो तेव्हा पोरीचा फोन आला. पाचवीत आहे ती. तिला मी कधी देव आहे असं सांगितलं नाही, नाही असंही सांगितलं नाही, विचारलं की मला वाटतं नाही एवढंच बोललो. ती फोनवर म्हणे पुढच्या वर्षी मी पण येते. आणि तिथं ताटावर मला थोडं विचित्र वाटलं, कारण माझी ही माया आली कुठून तर लहानपणी मी खरोखर मानत होतो तिथून. आई सांगायची महाराज जेवून गेले आणि मी ताटात बोटाची खूण शोधायचो. तिनं कधी शोधलीच नाही. मग तिला यातलं काय मिळणार? सतरा किलोमीटर आणि लाडू? विश्वास तर मी खोटा खोटा देणार नाही, आणि त्याच्याशिवाय हे दुसरं उगवतं की नाही मला माहिती नाही.

मावशीला हे सगळं सांगितलं. ती वरण-भात कालवत होती. म्हणे, "तू कायले एवढा इचार करतं? तिले चालव. अन् मले पन आनजो."

"तुहे पाय?"

"दुखतीन. तुया बुटाचा नंबर किती हाये?"