घोडामैदान जवळ आल्यावर

रविवारी सकाळी आठ वाजता टिळ्याला आणि मला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ड्रेसाजच्या, म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या हालचाली करून दाखवण्याच्या, चाचणीसाठी उतरायचे आहे, आणि आज गुरुवार संपत आला आहे. ‘घोडामैदान जवळच आहे’ हा वाक्प्रचार एरवी इतका सरळ अर्थाने वापरण्याची वेळ कोणावर येत नाही. टिळ्या हा शर्यतीतून निवृत्त झालेला कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा थरोब्रेड, शर्यतीच्या जातीचा घोडा. कागदोपत्री त्याचे नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे, पण कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यामुळे पागेत सगळे त्याला टिळ्याच म्हणतात.

या शेवटच्या तीन-चार दिवसांत घोडा सुधारत नाही. बिघडू मात्र सहज शकतो. हे मला मागच्या वर्षी कळले, आणि त्यात दोष माझ्या घाईचा होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाल झिजलेली दिसली म्हणून मी नालबंदाला तातडीने बोलावून चारही पाय नवे करून घेतले. घोड्याच्या खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी निर्जीव असते, पण तिच्या आत लगेच संवेदनशील भाग सुरू होतो आणि खिळा त्या दोहोंमधल्या अरुंद पट्टीतून न्यावा लागतो. एक खिळा किंचित आत गेला. रक्त आले नाही, टिळ्याने पायही झटकला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुडकी चालताना त्याची मान दर पावलाला वरखाली होऊ लागली आणि आम्ही नाव मागे घेतले. एखादा खिळा दाबत असेल तर ते दिसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून नाल बदलायची ती निदान आठवडाभर आधी. या वेळी ते काम मागच्या शुक्रवारीच उरकले आहे.

चंदीचा, म्हणजे दाण्याच्या खुराकाचा, प्रश्न याहून नाजूक आहे. घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर पशुवैद्यकालाही मान्य होईल. पूर्वी गाडीला किंवा नांगराला जुंपलेल्या घोड्यांना रविवारी सुट्टी मिळे, पण ओट्स नेहमीइतकेच दिले जात, आणि सोमवारी कामाला लागताच त्यांच्या मागच्या पायांचे स्नायू लाकडासारखे ताठ होत. त्या दुखण्याला इंग्रजीत ‘सोमवारचा आजार’ असेच नाव पडले. स्पर्धेआधी घोड्याला विश्रांती द्यावी असे नवशिक्या मालकाला वाटते, आणि प्रेमापोटी तो चंदीही थोडी वाढवतो. हे दोन्ही एकत्र झाले की घात होतो. आम्ही काम हलके करतो पण बंद करत नाही, आणि त्या प्रमाणात ओट्स कमी करतो. सुके गवत मात्र कमी करायचे नाही. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज निदान सात किलो तरी लागतेच, कारण घोड्याचे आतडे रिकामे राहिलेले परवडत नाही. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात जे गेले ते पुढेच सरकावे लागते आणि कुठे अडले की पोटशूळ उठतो. मीठ मात्र रोज देतो, कारण घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा क्षार बरेच जास्त असतात आणि मुंबईची हवा डिसेंबरातही घाम काढल्याशिवाय राहत नाही.

खाण्याच्याच संदर्भात टिळ्याची निगा राखणाऱ्या आमच्या सईसकाकांशी काल थोडा वाद झाला. संध्याकाळच्या चहात बुडवलेले बिस्किट टिळ्याला भरवणे हा त्यांचा नेम आहे, आणि टिळ्यालाही कपाचा आवाज ओळखता येतो. कॅफीन आणि चॉकलेटमधले थिओब्रोमीन हे दोन्ही घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नियंत्रित पदार्थ आहेत, हे मी समजावून सांगितले. “ताई, दोन घोट चहानं काय होतंय?” असे विचारून त्यांनी कप माझ्यापासून लांब ठेवला. शेवटी रविवारपर्यंत चहाऐवजी गाजर, असे ठरले. टिळ्याने काल गाजर खाल्ले आणि मग काकांचा खिसा हुंगत उभा राहिला.

आयाळ विरळ करण्याचे काम आम्ही दहा दिवस आधी सुरू केले होते. रोज व्यायामानंतर अंग गरम असताना चिमूटभर केस. एकदम उपटले तर मुळे दुखतात आणि घोडा मान देईनासा होतो. तोंडाभोवतीच्या लांब मिश्यांना मी हात लावत नाही. पूर्वी त्या कापून तोंड गुळगुळीत करण्याची पद्धत होती, पण घोड्याला स्वतःच्या नाकाखालची जागा दिसत नाही आणि तिथली माहिती त्याला या केसांतूनच मिळते. घोडेस्वारीच्या जागतिक संघटनेने १ जुलै २०२१ पासून आपल्या स्पर्धांमध्ये त्या कापण्यावर बंदीच घातली, याचा मला मनापासून आनंद आहे.

शाम्पूची आंघोळ उद्या, शुक्रवारी. त्यानंतर केवळ खरारा आणि ओले फडके, कारण नुकतेच धुतलेले केस इतके निसरडे होतात की वेणी हातात ठरत नाही. वेण्या रविवारी पहाटेच घालणार, कारण रात्रीच घातल्या तर टिळ्या भिंतीवर मान घासून त्यांची वाट लावतो. ओल्या फणीने केसांचा चार बोटे रुंद भाग वेगळा करायचा, शेवटपर्यंत घट्ट विणायचा, दोऱ्याने बांधायचा आणि मग बोथट सुईने वर ओढून त्याची गाठोळी शिवून टाकायची. सईसकाकांना एकीला तीन मिनिटे लागतात, मला दहा, आणि माझी चौथी वेणी नेहमी वाकडी होते.

खोगीर आणि लगाम साबण लावून पुसून झाले आहेत, तंगाची, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याची, शिवण ओढून पाहिली आहे. आज रात्री पायांवरून हात फिरवला तेव्हा चारही गार लागले, म्हणजे कुठे दुखापतीची ऊब नाही. आता काळजी आहे ती एकाच गोष्टीची. टिळ्याचे मागचे दोन्ही पाय पांढरे आहेत, आणि मोठ्या दिवसाच्या आदल्या रात्री ठाणावर कितीही स्वच्छ भुसा पसरला तरी तो नेमकी लीद शोधून तिच्यावरच झोपतो. पहाटे चार वाजता ते पाय धुवायला बादली आणि पुन्हा पांढरे दिसावेत म्हणून चोळायला कॉर्नफ्लॉवरचा डबा घेऊन कोणी जायचे, यावर सईसकाकांनी अजून काही म्हटलेले नाही.