तिकडं हॉर्न न मारता गाडी चालवता कशी?

सुट्टीला कोल्हापुरात आलो की हा प्रश्न ठरलेला, चार वर्षं इंग्लंडमध्ये गाडी चालवतोय ना. तुम्हीपण विचारलंत म्हणून सांगतो.

हॉर्न आहे की तिकडं, पण वस्तीत रात्री ११:३० ते सकाळी ७ वाजवायचा नाही असा नियमच आहे, आणि दिवसा उगाच वाजवला तर माणसाला शिवी दिल्यासारखं वाटतं. आपल्याकडं हॉर्न म्हणजे नुसतं 'मागं मी आहे'. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ ला बंदी आली तरी सवय तीच राहिली.

पण मला सगळ्यात अवघड गेला तो डिपर, म्हणजे समोरच्याला हेडलाईट मारून करायची खूण. आपल्याकडं समोरच्यानं डिपर मारला की 'थांब, मी येतोय', आणि तिकडं रोजच्या वापरात बरोब्बर उलटं, 'या, तुम्ही आधी जावा'. त्यांच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, मात्र दोन्ही नाही, 'मी इथं आहे' एवढंच सांगायला लाईट मारा म्हणतात. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडं गाड्या लावलेल्या गल्लीत समोरच्या बाईंनी डिपर मारला, मी थांबलो, त्यांनी परत मारला, मी रिव्हर्स घेतला, शेवटी त्यांनी काच खाली करून हात हलवून बोलवलं तेव्हा कळलं.

गेल्या डिसेंबरात गगनबावडा रोडला याच्या उलट झालं. टेम्पोनं डिपर मारला, मी आपला निघालो पुढं, आणि तो थांबतोय कशाला? दोघांचे ब्रेक लागले म्हणून वाचलो. त्या दिवसापासून मी कुठंच नुसत्या लाईटवर विश्वास ठेवत नाही, समोरचा खरंच थांबलाय का ते बघतो, आणि तुम्हीपण बघा, प्लीज.

हाताची खूण मात्र दोन्हीकडं कळते. त्याच रोडला पुढं ऊसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या, पुढचं काही दिसंना. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून पंजा खाली दाबत थांबवलं, समोरची एसटी जाऊ दिली, मग हात पुढं फिरवला. मी जाताना हात वर केला, त्यानंपण केला. किती जपून नेलं त्या माणसानं मला!

फक्त झेब्रा क्रॉसिंगचं मनाला लागतं. तिकडं माणूस कडेला नुसता उभा राहिला तरी गाड्या थांबतात. परवा कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलजवळ डब्याची पिशवी घेतलेल्या एका आजोबांसाठी मी थांबलो तर मागं हॉर्नचा कल्ला, आणि ते बिचारे मलाच हात करून म्हणतायत, जावा जावा. मी नाही हललो. मग आले ते, पळतच.