तिरपं झोपायची ओम्नी

सासऱ्यांचं वाणसामानाचं दुकान बंद झालं तेव्हा आमच्या वाट्याला एक वजनकाटा आला आणि मारुतीची एक ओम्नी. गाडी २००९ ची, गोव्याच्या जीए ०४ पासिंगची, आत सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वास. महिनाभर दारं उघडी ठेवली, कापूर ठेवला, कॉफीची पूड ठेवली. वास तसाच. असली गाडी विकत कोण घेणार? म्हटलं, आपणच हिच्यात झोपू.

"डिचोलीत एवढं घर असताना गाडीत कशाला झोपायचं?" हा सासूबाईंचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

पहिल्यांदा माप घेतलं. मागची सीट पुढे दुमडली तरी पुढच्या सीटांच्या पाठीमागे साडेपाच फूटही नीट मिळत नाहीत. मी पाच फूट एक, म्हणजे मला महालच. आमचे हे पाच फूट आठ, ते कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपे झोपतात आणि उरलेल्या त्रिकोणात मी.

गाडीला भोक पाडायचं नाही, काही कायमचं जोडायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत ते स्पष्ट केलं आहे. शिवाय नवरात्रात याच गाडीतून माणसं न्यायची असतात. त्यामुळे पलंग असा हवा होता की अर्ध्या तासात बाहेर काढून पडवीत ठेवता येईल.

तो करून दिला आमच्याच भागातल्या एका वेल्डरने. हा माणूस आधी खाणीच्या ट्रकांचे हौदे दुरुस्त करायचा. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या आणि तो गेट-ग्रील करायला लागला. बॉक्स पाईपच्या दोन चौकटी, मधे बिजागरी, पायांना रबराचे बूट. दहा टन माती पेलणाऱ्या हौद्यांचा हात तो! मी म्हटलं, "इतकं जाड नको हो, आम्ही दोघंच झोपणार." तो म्हणाला, "बाय, गाडी घाटात हालतली." चौकट पट्ट्यांनी गाडीतल्या मूळ हुकांना आवळून बांधते.

वर १२ मिलिमीटरचं प्लायवूड. इथे मात्र पैसे वाचवू नका. दुकानदार साधं कमर्शियल प्लाय पुढे करतो, आपण शिक्का बघून आयएस ७१० मागायचं, म्हणजे मरीन. आमच्याकडच्या पावसात साधं प्लाय श्रावणापर्यंत पापडासारखं सुटतं. गादीला काथ्या नको, बुरशी धरतो. फोम घेतला आणि अभ्रे जुन्या चादरींचे शिवले.

आता माझा मूर्खपणा. व्हिडिओ बघून बघून मी मागच्या दाराशी छोटं स्वयंपाकघर करून घेतलं. स्टीलचं सिंक, दोन खण, मसाल्याची मांडणी. ६,५०० रुपये. दोन सहलींनंतर ते काढलं, आता त्यात सासूबाई कांदे-बटाटे ठेवतात. त्या कपाटाने मागचं दार अडवलं होतं आणि वारा बंद केला होता. गोव्यात गाडीत राहायचं तर वारा आधी, बाकी सगळं नंतर. त्यात ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे गाडी थांबल्यावरही तासभर चूल पेटलेली. आम्ही आता दिवेलागणीआधी पोचतो, चारी बाजू उघडतो आणि चहा होईपर्यंत आत कोणी जात नाही. मे महिन्यात तर नादच नको.

मच्छरदाणीची युक्ती फुकटातली. पुढच्या दारांना उशीच्या अभ्र्यासारखी जाळीची पिशवी शिवली. दार उघडायचं, वरून चढवायची, दार लावायचं, काच खाली. मागच्या दाराला जाळी आणि वेलक्रो.

विजेचा हिशेब मी फळ्यावर मांडतात तसा मांडला. १२ व्होल्टचा १५ वॉटचा पंखा आठ तास चालला की १२० वॉट-तास. त्यासाठी घेतलेली वेगळी ४२ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर ५०४ वॉट-तास, पण साध्या बॅटरीतली निम्मीच वापरावी, म्हणजे २५० धरा. दोन रात्री निघतात. १०० वॉटचा सोलर पॅनल छपरावर बसवलेला नाही, पोचल्यावर उन्हात टेकवते. वायरीत फ्यूज हवाच. आणि गाडीच्या मूळ बॅटरीला हात लावायचा नाही, नाहीतर सकाळी धक्का मारायला माणसं शोधा.

गॅस आत पेटवत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, आणि आपण झोपतो तळाशीच. शेगडी बाहेर. पण बाहेर म्हणजे किनाऱ्यावर नव्हे. पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला गोव्यात बंदी आहे आणि दंडही होतो. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे तर कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री दिवे घेऊन जाऊच नये.

मग राहायचं कुठे? नातेवाइकांच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत. किंवा देवळाच्या अग्रशाळेच्या, म्हणजे भक्तांच्या उतरायच्या जागेच्या, आवारात, आधी विचारून, पावती फाडून. न्हाणीघर मिळतं, विहीर असते, रात्री राखणदार असतो. फोंड्याकडे हे सोपं. केरीहून चोर्ला घाट चढून गेलात तर डिसेंबरात पांघरूण लागतं, आणि पंखाही लागत नाही.

कपाट सोडून एकूण २२,५०० रुपये लागले. सगळ्यात महाग बॅटरी, सगळ्यात स्वस्त जाळी.

मागच्या पौषात फोंड्याकडच्या एका देवळाच्या आवारात होतो. पहाटे कुठूनतरी पों-पों ऐकू आलं. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल. हॉर्न जवळ आला आणि थेट आमच्या मागच्या दाराशी थांबला.

"बाय, कितले?"

"चार उंडे," मी जाळीतूनच गोल पाव मागितले, आणि पाकीट शोधायला लागले. ते यांच्या तिरप्या पायांखाली सापडलं.