तुम्ही विचारलंत म्हणून: नेटवर्किंग विद्यापीठात कशाला शिकायचं?

"राउटर-स्विच कॉन्फिगर करायला सर्टिफिकेशन पुरतं की, मग तुम्ही विद्यापीठात ॲडव्हान्स्ड नेटवर्किंग कशाला घेतलंत?" ज्युनियर मुलं हे हमखास विचारतात. नोकरीपुरतं पाहिलं तर प्रश्न रास्त आहे. त्या कोर्सनं मला एकही राउटर कॉन्फिगर करायला शिकवलं नाही.

जे शिकवलं ते एका असाइनमेंटमध्ये आलं. मिनिनेटवर (एकाच कॉम्प्युटरवर लुटुपुटूचं नेटवर्क उभारणारं सॉफ्टवेअर) दोन होस्ट, म्हणजे दोन मशीन, मधे 1 जीबीपीएसची लिंक, पॅकेट जाऊन पोच परत यायला 100 मिलिसेकंद. फाइल पाठवा आणि वेग मोजा. वेग आला जेमतेम 5 एमबीपीएस! सरांनी मशीनमध्ये एक सेटिंग मुद्दाम बदलून ठेवलं होतं, ते आम्ही हुडकायचं होतं. मी आधी लिंकवर संशय घेतला, मग पॅकेट गळतात का ते पाहिलं. एकही गळत नव्हतं. शेवटी कागद-पेन घेतलं. टीसीपी म्हणजे डेटा पॅकेटांत पाठवून पोच घेण्याचे नियम. त्याच्या हेडरमध्ये (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीत) पोच येण्याआधी किती बाइट पाठवता येतील ते सांगणारा विंडोचा रकाना 16 बिटांचा, म्हणजे पोच येईपर्यंत फार तर 65,535 बाइट वाटेत ठेवता येतात. सेकंदाला अशा दहा खेपा, की झाले सव्वापाच एमबीपीएस. लिंक भरायची तर एका वेळी साडेबारा मेगाबाइट वाटेत हवेत. त्यासाठी विंडो स्केलिंग (रकान्यातला आकडा ठरलेल्या पटीनं वाढवून वाचायची सोय) 1992 पासून आहे, पण ते ठरतं फक्त जोडणी सुरू करणाऱ्या पहिल्या, म्हणजे सिन पॅकेटांत.

आणि माझी माती तिथंच झाली. वायरशार्क, म्हणजे पॅकेटं टिपून दाखवणारं सॉफ्टवेअर, मी फाइल सुरू झाल्यावर लावलं, सिन हुकलं. स्केलिंग फॅक्टरपुढे -1 दिसलं, मी बेधडक लिहिलं, "स्केलिंग बंद आहे." उत्तर बरोबर होतं, तरी अर्धे मार्क गेले. कारण -1 म्हणजे "माहीत नाही". "वापरलेलं नाही" यासाठी -2 असतं. तेव्हा मी चिडले होते. आज कुणाचा कॅप्चर (टिपलेली पॅकेटं) हातात आला की आधी सिन आहे का ते बघते.

अर्धं सेमिस्टर नेटवर्कमधल्या गर्दीवर गेलं, आणि तेच मला सगळ्यात आवडलं. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब ते बर्कली विद्यापीठ या जेमतेम 400 यार्डांच्या टप्प्यात वेग 32 हजार बिटांवरून सेकंदाला 40 बिटांवर आला. बिघडलं काहीच नव्हतं. पोच येईना म्हणून जो तो तेच पॅकेट पुन्हा ढकलत होता. त्याच लॅबमधले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये मांडलेला उपाय असा: पॅकेट हरवलं की गर्दी झाली असं समजा आणि हात आखडता घ्या. मधलं नेटवर्क काही सांगत नाही, टोकाच्या मशीननं अंदाज बांधायचा. मग वायफायवर गर्दी नसतानाही पॅकेट हरवतं त्याचं काय? बफर (पॅकेटं रांगेत थांबतात ती जागा) एवढा मोठा की हरवायलाच उशीर होतो, त्याचं काय? 2016 मध्ये गूगलचं बीबीआर हे गर्दी सांभाळायचं नवं तंत्र आलं, ते हरवण्यापेक्षा वेग आणि विलंब मोजण्यावर भर देतं. वर्गात यावर जी भांडणं झाली, ती सर्टिफिकेशनच्या परीक्षेत होत नाहीत.

बीजीपीला (नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात ते नियम) मात्र दोनच लेक्चरं मिळाली, त्याचा राग अजून आहे. शेजाऱ्यानं सांगितलेला रस्ता खरा मानायचा, यावर अख्खं इंटरनेट उभं. फेब्रुवारी 2008 मध्ये यूट्यूबकडे जाणारा ट्रॅफिक पाकिस्तानकडे वळला तो त्यामुळेच.

लगेच नोकरी हवी असेल तर सर्टिफिकेशनच करा, मी आडवी येणार नाही. कोर्स घेणार असाल तर आधी संभाव्यता घासूनपुसून घ्या. रांगेच्या सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये लिंक 90 टक्के व्यस्त असेल तर पॅकेटला रिकाम्या लिंकच्या दहापट वेळ लागतो, 99 टक्क्यांना शंभरपट. हे मला तोंडपाठ होतं. तोंडी परीक्षेत सरांनी 50 टक्क्यांचं विचारलं आणि मी गप्प.