आधी पोट बघायचं

रविवार, रात्री ११

आज सकाळी विमानांची छोटी मॉडेलं बनवणारे आम्ही सगळे डॉक्टरांच्या गच्चीवर जमलो. मिसळ झाली, पाव दोनदा मागवून झाले, आणि मग डॉक्टरांनी बुटांच्या खोक्यातून त्यांचं मिग-२१ बिस (मिग-२१ या लढाऊ विमानाचा एक प्रकार) बाहेर काढलं. १/७२ चं मॉडेल, म्हणजे खऱ्यापेक्षा बहात्तर पट लहान, जेमतेम वीतभर. तीन महिने त्यावर खपत होते.

काकांनी ते हातात घेतलं आणि लगेच उलटं केलं. "आधी पोट बघायचं. वरून सगळीच विमानं देखणी दिसतात." काकांची सगळी नोकरी नाशिकजवळ ओझरला, एचएएल या सरकारी विमान कारखान्यात झाली. खरी बिस तिथेच बनायची, त्यांच्या डोळ्यांदेखत.

"डॉक्टर, ही पॅनेल लाइन, पत्र्यांच्या जोडाची रेघ, केवढी रुंद?"

"पाव मिलिमीटर. स्वतः कोरलीये!"

काकांनी तोंडीच हिशेब केला. "पाव गुणिले बहात्तर, अठरा मिलिमीटर. म्हणजे खऱ्या विमानात माझं बोट जाईल एवढी फट! हे मी हँगरबाहेर सोडलं नसतं."

"काका, तुमची विमानं उडायची. माझं काचेच्या कपाटात राहणार, त्याला कुठला वारा लागतोय?"

कॉलेजवाला डॉक्टरांच्या बाजूने उतरला. लाइन खोल नसेल तर वॉश, म्हणजे रेघा उठून दिसाव्यात म्हणून सोडलेला पातळ गडद रंग, थांबणार कुठे, आणि विमान साबणाच्या वडीसारखं दिसणार. काका म्हणाले, मग तू फटींचंच मॉडेल कर, विमान कशाला? चहा येईपर्यंत हेच चाललं होतं. मी पोट धरून हसत होतो.

घरी येताना गंगापूर रोडभर मात्र तो गुणाकार डोक्यात घोळत राहिला. या मापात सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण अंतरही बहात्तर पटच होतं की! मॉडेल आपण फूटभरावरून बघतो, म्हणजे खरं विमान ७२ फुटांवरून बघितल्यासारखं. तेवढ्या अंतरावरून जोड पुसटसे दिसतात, रंगही किंचित फिके वाटतात. म्हणूनच जाणती माणसं डबीतल्या रंगात थोडा पांढरा मिसळतात. काकांचं म्हणणं मला पटलं. तरी डॉक्टरांचं विमान सुंदर आहे, हेही तितकंच खरं. डोळ्याला ती रेघ हवी असते.

निघताना काकांनी विमान सुलटं करून टेबलावर ठेवलं, नाक गंगापूरच्या दिशेला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, १९६३ पासूनची ६२ वर्षं. त्यावर ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "कॅनॉपी, वैमानिकावरची काच, छान बसलीये, डॉक्टर. कुठे डिंकाचा डाग नाही." डॉक्टर लाजले. काकांकडून हे ऐकायला आम्ही सगळेच जिवाचं रान करतो.

रात्री माझं सुखोई-३० पुढ्यात घेतलं. हेही ओझरचंच. पंखावरच्या लाइनी खोल करायला कोरणी काढली होती, ती परत खणात ठेवली. करड्या रंगात पांढऱ्याचे चार थेंब टाकले. थंडी पडलीये, एनॅमल रंग उद्या संध्याकाळपर्यंत काही वाळायचा नाही. पुढच्या रविवारी ते काकांच्या हातात जाणार, म्हणून पोटापासूनच सुरुवात केली.